अंजिरातला सापळा

इटलीतल्या कोमो या रेशमाच्या गावात एके काळी बायका कॉफीच्या कपावर वाकून एकमेकींना सांगायच्या की देल्फिना कोर्बेत्ता आपल्या चित्रात सापळा लावून ठेवते. कुणी ते चोरून छापलं, की कापड लंगडं निघतं, पेढीचं नाक कापलं जातं आणि ही बया घरी बसून नखं रंगवते. सांगणारीने आवाज खाली आणायचा, ऐकणारीने भुवया वर न्यायच्या आणि शेवटी दोघींनी मिळून म्हणायचं, चला, एकीला तरी अक्कल आली.

तेव्हा देल्फिना पंचविशीची होती, चित्रशाळेतून नुकती बाहेर पडलेली. शाळेत तिचा मोठा बोलबाला. स्कार्फच्या चित्राला पहिलं बक्षीस मिळालेलं, आणि ते बक्षीस ती अजून चेहऱ्यावर घालून हिंडायची. स्कार्फचं बरं असतं, चार कडांत सगळं संपतं. वाराने विकायच्या कापडाचं तसं नाही. तिथे एकच चित्र ठाणभर पुन्हा पुन्हा छापलं जातं, म्हणून चित्राची वरची कड खालच्या कडेला अशी मिळावी लागते की सांधा ब्रह्मदेवालाही सापडू नये. याला रिपीट म्हणतात. शाळेत रिपीटचा तास दुपारी दोनला असायचा, पोटात मक्याचा जड पोलेंता आणि खिडकीबाहेर तळं. देल्फिना तळ्याकडे जायची. हजेरीला मैत्रीण आवाज द्यायची.

घरी आई होती, इर्मा. नवरा लवकर गेलेला. इर्मा दुसऱ्यांच्या स्कार्फच्या कडा बोटांनी वळून हाताने शिवायची. टाका दिसला तर माल परत, त्यामुळे तिची बोटं म्हातारीची आणि डोळे त्याहून म्हातारे झालेले. तिने लेकीला सरळ अट घातली होती. नोव्हेंबरच्या एक तारखेच्या, सर्व संतांच्या सणापर्यंत एखाद्या मोठ्या पेढीने चित्र घेतलं तर उत्तम. नाही घेतलं तर स्वयंपाकघरात माझ्या शेजारी दुसरी खुर्ची मांडायची आणि सुई हातात घ्यायची. देल्फिनाला त्या खुर्चीची अशी धडकी होती की तिने घरात ती खुर्चीच ठेवली नव्हती. तळघरात नेऊन टाकली होती.

मार्चपासून ती मोठं बाड काखेत मारून पेढ्यांचे जिने चढत होती. कुणाची नोकरी नाही, कुणाचा वशिला नाही. चित्र दाखवायचं, आवडलं तर विकायचं. विकलं की ते पेढीचं, त्यावर आपलं नावही राहत नाही. पेढीवाले चित्रं पत्त्यांसारखी पिसायचे. एकाने तिच्या वेलीवर कॉफीचा कप ठेवला आणि उचलताना वर म्हणाला की वर्तुळ तेवढं चांगलं जमलंय. दुसऱ्याने, बाई, बक्षीस कुणी दिलं, मामाने का, असं विचारलं. आणि सगळ्यांची एकच गोड खोड होती. "ठेवून जा, जरा बघतो," म्हणायचं आणि चित्र तीन-तीन आठवडे ठेवून घ्यायचं. परत आलं की काही महिन्यांनी त्याची चुलत बहीण कुठल्यातरी दुकानाच्या काचेत लटकलेली दिसायची. सगळ्यांना माहीत होतं, कुणी बोलत नव्हतं. बोललं तर पुढच्या जिन्याचं दार बंद.

सप्टेंबरच्या शेवटी बोर्दिगोनींच्या, म्हणजे कावालिएरे हा सरकारी किताब मिरवणाऱ्या मालकाच्या, पेढीने तिचं अंजीर घेतलं. राखाडी जमिनीवर हिरवी रुंद पानं, जांभळी फळं आणि एकातून एक निघत वर चढत जाणारे लांब देठ. ठेवून घेतलं नाही, घेतलं. शुक्रवारी कागद झाला. देल्फिना घरी आली, तळघरात गेली आणि ती खुर्ची फोडून चुलीत घातली. इर्मा म्हणाली की सणाला अजून महिना आहे, चूल काय, पेटलेलीच असते.

चित्र गेलं अर्रिगो तेत्तामांतींच्या टेबलावर. हे पेढीतले रंग वेगळे काढणारे. चित्रात नऊ रंग असतील तर नऊ पारदर्शक फिल्मांवर काळ्या शाईने एकेक रंग हाताने रेखायचा, त्यावरून छपाईच्या चौकटी बनतात. एकतीस वर्षं हेच केलेलं, पेन्शनला दोन उरलेली. चष्मा नाही. त्यांचा एक नेम होता, आणि तो त्यांच्या गुरूचा होता. चित्रकाराच्या हातात आपला हात घालायचा नाही. काही खटकलं तर विचारायचं; तो म्हणेल ते करायचं.

सोमवारी दुपारी देल्फिनाच्या घरी, स्वयंपाकघराबाहेरच्या बोळात, फोन वाजला. अर्रिगो होते. त्यांनी दहा वेळा माफी मागून सांगितलं की तुमच्या अंजिराचे देठ वरच्या कडेला नि खालच्या कडेला नीट भेटत नाहीत, साधारण चार मिलिमीटर बाजूला सरकतात. मुद्दाम आहे का? नसेल तर मी सारखं करून घेतो, कुणाला कळायचंही नाही.

देल्फिनाच्या कानशिलांत रक्त चढलं. पहिलीच पेढी, पहिलंच चित्र, आणि हा शाईचा म्हातारा तिला रिपीट शिकवणार.

"सिन्योर अर्रिगो," ती म्हणाली, "ते तसंच हवंय. तुम्ही फक्त रेखा."

"तसंच?"

"तसंच. देठाला चालताना जरा झोक असतो."

"तुमचा हात, सिन्योरिना, तुमची मर्जी," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

पुढे जे झालं त्यात घाईचा हात होता. जर्मन गिऱ्हाईक दारात उभं होतं, म्हणून नमुना छापला तो चित्राच्या एकाच फेरीचा, आणि सांधा दिसायला दोन लागतात. छापणारे रंग बघतात, चित्र नाही. आणि रेशमाला वाफ देईपर्यंत सगळे रंग चिखलासारखेच दिसतात. वाफेतून अकराशे मीटर कापड बाहेर आलं तेव्हा दर चौसष्ट सेंटिमीटरवर, या काठापासून त्या काठापर्यंत, प्रत्येक देठ मोडलेला होता. फळं हवेत टांगलेली. शिंप्याने एक झगा शिवून पाहिला तर तो मोड बरोबर कुल्ल्यांवरून गेला. जर्मनाने तार केली. त्यात दोनच शब्द होते आणि दुसरा छापण्याजोगा नव्हता.

कावालिएरेंनी दोघांना वर बोलावलं. टेबलावर कापड पसरलेलं. ते ओरडणारे गृहस्थ नव्हते. ते नखं तपासत बोलत.

"अर्रिगो, हे तुम्हाला दिसलं नाही?"

"दिसलं," अर्रिगो म्हणाले. "मी सोमवारी सिन्योरिनांना फोन केला. त्या म्हणाल्या, तसंच हवंय."

कावालिएरेंनी मान वळवली. "केला होता का फोन?"

देल्फिनाने एकदाच हो म्हटलं असतं तर रिपीट न येणारी पोर म्हणून कोमोतला प्रत्येक जिना तिला बंद झाला असता, आणि जळलेल्या खुर्चीच्या जागी इर्माने दुसरी आणली असती. हे सगळं तिला एका श्वासात दिसलं. ती म्हणाली,

"सिन्योर अर्रिगोंचा फोन आला असता तर मला नक्की आठवलं असतं."

अर्रिगो तिच्याकडे बघत राहिले. चेहऱ्याकडे नाही, हाताकडे. मग त्यांनी कापडाची घडी घातली, सवयीने कडा जुळवून, आणि तेवढी जुळवाजुळव करून ते एकतीस वर्षांच्या नोकरीतून जिना उतरले.

त्या संध्याकाळी इर्मा कड शिवताना वर न बघता म्हणाली, "सोमवारी फोन वाजला होता. मी ऐकला."

"तुला हल्ली कमी ऐकू येतं, आई."

"असं होय," इर्मा म्हणाली. त्या दिवसापासून लेकीने हाक मारली की म्हातारी ढिम्म हलायची नाही. शेजारणीची कुजबुज तिला दोन भिंतींपलीकडून कळायची. लेक समोर उभी राहून बोंबलली तरी सुई चालू. कुणी विचारलं तर सांगायची की डॉक्टर आमच्या घरातच आहे, तिनेच निदान केलंय.

सापळ्याची गोष्ट जन्मली नीवेसच्या बारमध्ये. नीवेस, म्हणजे कोटाच्या भिंतीला लागून बार चालवणारी ती आडवी बाई, हिने दोन आणि दोन मिळवले आणि बावीस केले. बोर्दिगोनी ठेवून घेतात, फोटो काढतात, हे कुणाला ठाऊक नाही? यांनी नक्की अंजीर ढापलं असणार आणि पोरीने आधीच त्यात खोट मारून ठेवली असणार. तिने देल्फिनाला गाठलं.

"खरं सांग गं भवाने, मुद्दाम ना?"

देल्फिनाने कॉफी संपवली, कप बशीत ठेवला आणि हसली. त्या हसण्यावर तिने पुढची तीस वर्षं जेवण केलं.

कारण पेढीवाले घाबरले. तिचं बाड आलं की माणसं चित्राला हात लावण्याआधी हात पुसायची. ठेवून जा म्हणायची कुणाची टाप नव्हती. आवडलं तर तिथल्या तिथे सौदा, नाहीतर संध्याकाळच्या आत चित्र घरपोच. खुद्द कावालिएरेंनी वर्षभरात पाच चित्रं घेतली आणि प्रत्येक वेळी हसत विचारलं की यात काही पुरलेलं नाही ना. कोमोतल्या इतर स्वतंत्र चित्रकारांना जे आयुष्यभर जमलं नाही, ते तिला एका लंगड्या अंजिराने मिळवून दिलं. रिपीट तिने नंतर शिकून घेतलं, दार लावून, एका निवृत्त मास्तराकडून.

गोष्टीत सापळा होता म्हणजे सापळ्यात सापडलेला उंदीरही हवा. तो अर्रिगो. गाव त्यांना आंधळा म्हणू लागलं. दुसऱ्या कुठल्या पेढीने घेतलं नाही. शेवटी बोटीच्या धक्क्यावर तिकिटाला भोक पाडायचं काम मिळालं. तिथे टवाळ लोक तिकीट पुढे करून म्हणायचे, "आजोबा, सांधा बघून भोक पाडा हं." आजोबा पाडायचे, बरोबर मधोमध. बायको एर्सिलिया त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाला की डोळे विशीतल्या पोराचे आहेत. एर्सिलियाने घरी येऊन सांगितलं की डॉक्टरलाही नीट दिसत नाही.

एकदा ते देल्फिनाच्या नव्या स्टुडिओत आले. टोपी हातात, बूट पायपुसण्यावर दोनदा घासलेले. नोकरी परत मागायला आलेले नाहीत, हे त्यांनी दारातच सांगून टाकलं.

"गावाला काही सांगू नका, सिन्योरिना. गाव काय, आज आहे उद्या दुसरं काही चघळेल. फक्त माझ्या बायकोला सांगा, की मी फोन केला होता. ती रोज संध्याकाळी मला वर्तमानपत्र वाचून दाखवते. मोठ्याने. मला तेवढं सहन होत नाही."

देल्फिना म्हणाली, सांगेन. त्यांना जिन्यापर्यंत पोचवलं, हाताला धरून, कारण खालच्या मजल्यावरची माणसं बघत होती. एर्सिलिया तिला बाजारात आठवड्यातून दोनदा भेटायची. देल्फिना तिला भाज्यांचे भाव विचारायची.

ते अकराशे मीटर वाया गेले नाहीत. कोमोत रेशीम फेकत नाहीत. कावालिएरेंनी ते पडेल भावाने अंत्यविधीचं सामान विकणाऱ्याला दिलं आणि त्याने शवपेट्यांना आतून अस्तर लावायला घेतलं. पेटीत ठाणाची लांबी कोण मोजतो? कित्येक वर्षं इथली बरीच मेलेली माणसं मोडक्या देठांच्या अंजिरावर निजून गेली. स्वस्त पेटी घेणाऱ्यांना पर्याय नव्हता. अर्रिगो सहाव्या वर्षी फेब्रुवारीत गेले, छातीत थंडी भरून. एर्सिलियाने स्वस्त पेटी घेतली. झाकण लावायच्या आधी तिने अस्तर पाहिलं, ओळखलं आणि सगळ्यांदेखत म्हणाली की बघा, आता तरी नीट बघा म्हणावं. लोक हसू दाबत खाली बघत राहिले. देल्फिना मागच्या रांगेत होती. तिने मोठा हार पाठवला होता.

इर्मा दफनाला आली नव्हती. देल्फिनाने घरून निघताना विचारलं होतं. म्हातारीला ऐकू आलं नाही.

देल्फिना आता साठीला आली आहे. जुन्या चित्रशाळेत ती वर्षातून एकदा पाहुणी म्हणून जाते आणि पोरी हमखास सापळ्याची गोष्ट मागतात. ती सांगते. छान सांगते, आवाज कुठे चढवायचा, कुठे थांबायचं सगळं बसलेलं आहे. अर्रिगोंची नक्कलही करते, चित्र नाकाला लावून. पोरी टाळ्या वाजवतात.

सापळा नव्हता. अंजीर कुणी चोरलं नव्हतं, विकत घेतलं होतं. कड जुळवताना तिची मोजणी चार मिलिमीटरने चुकली होती. अर्रिगोंचा फोन सोमवारी दुपारी आला. तो ठेवल्यावर देल्फिनाने खोलीत जाऊन आपल्याकडची कच्ची प्रत पट्टीने मोजली आणि चूक तिला त्याच दुपारी कळली. चौकटी गुरुवारी बनल्या.