दानिएल भाऊजींचं रडणं

आज जो माणूस गेला, त्याच्या रडण्यावर मी सहा वर्षं संशय घेतला.

दानिएल भाऊजी. चाकणला कंपनीत ह्यांच्याच लाइनवर होते.
कंपनीची सुट्टी गुरुवारी, भाऊजींचं चर्च रविवारी. म्हणून रविवारची त्यांची फर्स्ट शिफ्ट हे करायचे, ह्यांची सेकंड ते.

अशाच एका रविवारी, भाऊजींच्या जागेवर उभे असताना, हे गेले. हार्ट अटॅक.

भाऊजी आकुर्डीला आमच्या घरी आले आणि दारातच बसून रडले. ह्यांचा सख्खा भाऊसुद्धा एवढा रडला नाही.
मी बघत होते. मनात एकच, हा माणूस इतका का रडतोय?

दहावं झाल्यावर त्यांनी मला त्यांच्या शास्त्राचं छोटं पुस्तक आणून दिलं. "वहिनी, तुम्हाला वाचायची आवड आहे म्हणून."

शेजारच्या काकू लगेच, "सांभाळ गं. धर्म बदलायची सुरुवात अशीच होते."
मलाही तेच वाटलं.
पण मी सातवी शिकलेली बाई, भेळेचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नाही. वाचलं.

त्यात एक अगदी छोटी ओळ आहे. मित्र मेलाय, येशू तिथे येतो आणि त्याला रडू येतं. बस, एवढंच.
मित्राला आपण परत उठवणार, हे त्याला माहीत आहे. तरी रडतो.

पुढच्या वेळी भाऊजी आले तेव्हा विचारलं, "मग रडायचं कशाला? लोकांना दाखवायला?"
ते हसले. "आमच्या पास्टरला विचारा वहिनी, घाम फुटेल त्याला."
"आणि तुम्ही? तुम्ही का रडला होतात?"

हसणं थांबलं.
"आदल्या दिवशी मला म्हणाला होता, छातीत जळजळतंय. मी म्हटलं, ॲसिडिटी असेल राव, वडापाव कमी कर."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं! दवाखान्यात नेलं असतं तर हे आज असते."

ते काहीच बोलले नाहीत. चपला घातल्या आणि गेले.
त्यानंतर दर वर्षी ह्यांच्या तारखेला येत राहिले. मी दारातूनच "बरं आहे" म्हणायचे. पाणीसुद्धा विचारलं नाही.

आज सकाळी त्यांच्या मुलीचा मेसेज आला.
मी ते पुस्तक काढलं. इतकी वर्षं त्या ओळीपाशीच थांबत होते. आज पुढे वाचलं.

त्याला रडताना बघून काही लोक म्हणतात, किती माया होती बघा.
आणि काही म्हणतात, आंधळ्याला डोळे देणाऱ्याला ह्याचं मरण नसतं का टाळता आलं?

माझंच बोलणं ते.

तो त्यांना उत्तर देत नाही. तसाच, जड मनाने, थडग्याकडे जातो.
गप्प बसलेला माणूस चुकलेलाच असतो, असं मी धरून चालले होते.

आता कुणालाच न सांगितलेली एक गोष्ट.

त्या रविवारी कंपनीच्या बसला निघण्याआधी ह्यांनी माझ्याकडे ओवा मागितला. म्हणाले, जळजळतंय.
मी ओवा दिला. वर काळं मीठ. आणि डबा हातात दिला.

म्हणजे मलाही माहीत होतं.
सहा वर्षं मी ते सगळं भाऊजींच्या एकट्याच्या अंगावर टाकलं.

चार वाजता माती आहे. मूठ टाकताना त्यांना सांगणार आहे.

या, भाऊजी. हे भेटले तर सांगा, वहिनीने कबूल केलं.