पंचाने ओढलेला दोर

२०२४ साल. श्रावण लागून चार दिवस झालेले. आता काय सांगू, सत्तरी ओलांडलेल्या माणसाने स्वतःची अब्रू स्वतःच कशी घालवली! हसायचं तर हसा, पण चहा सांडू नका.

टीव्हीवर ऑलिम्पिक चालू होतं. सुकापूरला आमच्या सोसायटीतल्या पोरांनी पार्किंगमध्ये आपलं ऑलिम्पिक मांडलं. कागदाचे भाले, कागदी ताटल्यांच्या थाळ्या. माझी नात स्वरा केनियाची कप्तान, तिसऱ्या मजल्यावरची झोया जपानची. पंच मी. कारण मी कोणाचं ऐकत नाही.

एका पोराचा अंगठा रेघेवर आला. बाद केला.

"काका, पाच वर्षांचा आहे हो तो!" त्याची आई म्हणाली.

"पाच वर्षांच्याला रेघ दिसत नाय?"

शेवटी रस्सीखेच. जिंकेल त्याला सुवर्णपदक, म्हणजे सोनेरी कागद लावलेलं बरणीचं झाकण. मी केनियाच्या मागे उभा. जपान ओढत होतं, केनिया घसरत होती. पोरं ओरडायला लागली, "हैश्या! हैश्या!"

पुढचं मला धड आठवत नाही. भानावर आलो तेव्हा जपान फरशीवर आडवं पडलं होतं आणि केनिया जिंकली होती!

"बघा!" मी म्हटलं. "आमच्या घरातलं रगत हाय!"

झोया उठली. गुडघा झटकत माझ्यासमोर आली. "आजोबा, चीटिंग झाली. मागून कोणीतरी मोठ्या माणसाने ओढलं."

"कोनी?"

"दिसलं नाही. आम्ही पडलो ना!"

"हरल्यावर समद्यांना चीटिंग दिसते."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग मात्र मला राहवेना. पंच आहे का कोण मी? जमलेल्या आईबापांकडे वळून गरजलो, "कोनी ओढला दोर? बोला!"

सगळ्यांनी माना खाली घातल्या. मला वाटलं, काय दरारा आहे आपला!

वॉचमनला धरला. "तूच रे?"

"चाचा, मैं तो गेट पे था!"

"मग हसतोस कशाला?"

"काका, जाऊ द्या ना," सेक्रेटरी म्हणाले.

"जाऊ कसा द्या? सापडू द्या त्याला. कान धरून बिल्डिंगला तीन फेऱ्या! भर पावसात!"

सूनबाईच्या हातात मोबाइल होता. "बाबा, व्हिडिओ आहे. पण राहू दे..."

"लाव!"

चष्मा घरी होता. मोबाइल हातभर लांब धरून बघितलं. "हा बघा! टोपीवाला! मागून दोर खांद्यावर घेतलाय, बैलासारखा ओढतोय. पोरांच्या खेळात घुसतो, लाज नाय याला? कोन हाय हा म्हातारा?"

वॉचमन खांबामागे गेला.

"आजोबा," स्वरा हळूच म्हणाली, "तुम्हीच."

मी डोक्याला हात लावला. टोपी होती.

आता तुम्हीच सांगा, मी काय करू? तरुणपणी मोरा बंदरावर वर्षानुवर्षं होड्या ओढल्या. 'हैश्या' ऐकलं की हात दोराला जातात. मला विचारत नाहीत.

स्वराने पदक स्वतः झोयाच्या गळ्यात घातलं.

"झालं आजोबा," झोया म्हणाली. "फेऱ्या राहू देत."

"राहू देत कशा? मी बोललोय."

कान धरले आणि निघालो. दोन्ही हात कानांवर, छत्री कोण धरणार? पहिल्या फेरीला खिडक्या उघडल्या. दुसरीला टाळ्या सुरू झाल्या. तिसरीला चिखलात पाय सरकला, म्हणून क्षणभर भिंतीला हात टेकला. तसाच पार्किंगमध्ये आलो.

झोया वाट अडवून उभी. गळ्यात पदक, कमरेवर हात.

"आजोबा, कान सुटला. फेरी बाद."

"अगं, पाय घसरला!"

"मी बघितलं. बाद म्हणजे बाद."

परत गेलो. तिसरी फेरी पुन्हा मारली, दोन्ही कान धरून. झोयाने बोटांवर तीन फेऱ्या मोजल्या आणि वाट सोडली.