घराला भिणारा भाडेकरू

माझ्या मावसभावाइतका भित्रा भाडेकरू अख्ख्या नेदरलँड्समध्ये दुसरा सापडायचा नाही. लोक भुताला भितात, बॉसला भितात. हा घराला भितो. आइंडहोवनला त्याने भाड्याने फ्लॅट घेतला, तो इथल्या पद्धतीप्रमाणे उघडाबोडका मिळाला. खाली नुसतं सिमेंट, खिडक्यांना पडदे नाहीत, छतातून लोंबणाऱ्या वायरी. ओटा-शेगडी सोडून सगळं आपण करायचं आणि जाताना सगळं उचकटून घर होतं तसं परत द्यायचं. ही शेवटची अट ऐकली आणि त्याची झोपच उडाली. सिमेंट गार लागतं म्हणून त्याने लाकडी जमीन घालून घेतली, मग तिला चरे पडतील म्हणून तिच्यावर जुन्या चादरी अंथरल्या. खुर्च्यांच्या पायांत मोजे घातले. भिंतीला भोक नको म्हणून पडदे चिकटपट्टीने लावले. एकदा मी चहा पीत असताना त्यातला एक माझ्या डोक्यावर आला, तर हा आधी भिंतीचा रंग निघाला का ते बघायला धावला. ओटा पांढरा, म्हणून स्वयंपाकातून हळद हद्दपार. त्याच्याकडची आमटी इतकी फिकट असायची की जेवताना आपणच आजारी आहोत असं वाटायचं.

घरमालकीणबाई दोन गल्ल्या पलीकडे राहायच्या. सायकलवरून जाताना त्या दिसल्या की हा खिडकीतून मागे सरायचा. एकदा त्या बिचाऱ्या हौसेने कुंडीतलं रोप घेऊन आल्या. हा समजला, तपासणी! त्याने शेगडीवरचा कुकर उचलून कपड्यांच्या कपाटात ठेवला आणि कपाटाच्या दाराला पाठ लावून उभा राहिला. आत कुकर फुसफुसतोय, बाहेर बाई हवापाण्याच्या गप्पा मारतायत. त्या गेल्यावर त्याचा मला फोन. "ताई, त्यांनी नाकाने वास घेतला गं. आता काढणार आपल्याला!"

मी पोट धरून हसले खरी, पण ही भीती कुठून आली ते मला ठाऊक होतं. साताऱ्याला ही मंडळी घरमालकाच्या डोक्यावर राहायची. खाली आवाज जाऊ नये म्हणून मावशी खलबत्त्याखाली उशी घेऊन कूट करायची. तरीही भिंतीत ठोकलेल्या एका खुंटीवरून भांडण झालं आणि घर सोडावं लागलं. सामानाच्या टेम्पोशेजारी शाळेच्या गणवेशात उभा असलेला तो मला अजून दिसतो.

मग लग्न झालं. भावजय सांगलीची बँकेतली नोकरी सोडून इथे आली. तिने देव्हारा भिंतीवर लावायचा म्हटलं, की हा म्हणायचा, "थांब, आधी घराचं कॉन्ट्रॅक्ट पर्मनंट होऊ दे." फोटो लावू? "थांब." शेवटी देव एका बॅगेवर बसले आणि तिचे कपडे दुसऱ्या बॅगेतच राहिले. एक दिवस तिचा मला इकडे, माझ्या घरी रायस्वाइकला फोन आला. "ताई, मी इथे राहायला आलेय की ट्रान्झिटमध्ये आहे, तेच कळत नाही. तिकिटं बघतेय मी." ती रडली असती तर मी समजूत काढली असती. पण तिचा आवाज इतका शांत होता की मला धडकी भरली. रविवारी मी सकाळची ट्रेन पकडली.

मी पोचले तेव्हा तिने शेगडीवर दूध ठेवलं होतं. नव्या घरात दूध उतू घालवायचं, ते इतके महिने राहूनच गेलं होतं. म्हणजे त्याने राहू दिलं होतं. आता तो हातात फडकं घेऊन पातेल्यावर पहारा देत होता. घरमालकीणबाईंची ती काचेची शेगडी, आणि तिच्यावर दूध! त्याच्या कपाळावर घाम होता.

"थोडंसं वर आलं की चालतं ना गं, ताई?" त्याने मला विचारलं. "उतू गेल्यासारखंच झालं की."

"बटण बंद केलंस ना, तर मी सांगलीला जाते," भावजय म्हणाली. "चिडून नाही सांगत. खरंच जाते."

दूध कडेने फुलू लागलं. त्याचा हात बटणाकडे गेला, थबकला, पुन्हा गेला. मग त्याने दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि डोळे गच्च मिटले. दूध भसकन काचेवर सांडलं, ओट्यावरून ओघळलं, शेगडी टूंटूं करत बंद पडली. भावजयीने त्याच्या हातातलं फडकं काढून घेतलं. "राहू दे आता, मी पुसते," ती म्हणाली, आणि संध्याकाळी तिने कपडे कपाटात लावले.

गेल्या महिन्यात त्यांनी लाकडी जमीनसुद्धा उचकटून ते घर सोडलं. ब्रेडा शहरात दोघांनी मिळून स्वतःचं घर घेतलंय. किल्ल्या देताना घरमालकीणबाईंनी घर पाहिलं आणि एक चरा नाही, एक डाग नाही म्हणून त्याचं तोंड भरून कौतुक केलं. बाहेर पडल्यावर त्याचा मला फोन आला. मला वाटलं, स्वारी खुशीत असेल.

"ताई," तो म्हणाला, "सगळं पहिल्यासारखं झालं गं. आम्ही तिथे राहत होतो, हे आता कोणाला कळणार?"

मी त्याला म्हटलं, दोघं जेवायलाच या.