भातावरचे तुडतुडे

ठकूआजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी जुन्नरच्या आमच्या कॉलेजात, प्रयोगशाळेत मुलींना सूक्ष्मदर्शक कसा लावायचा ते दाखवत होते. फोन मंदाचा, म्हणजे आजीच्या सुनेचा. "मॅडम, आत्या गेली. दहावा बी झाला. तुमचा नंबर घावत नव्हता," एवढंच ती म्हणाली. मी बरं म्हणाले, फोन ठेवला आणि पुन्हा शिकवायला लागले. रडू आलं नाही, हे आधीच सांगून टाकते. उलट सुटल्यासारखं वाटलं... आता ते कुणालाच सांगावं लागणार नाही, असं. हे चार शब्द लिहायला महिना लागला तो त्यामुळेच.

माझा विषय तुडतुडे. तांदळाच्या दाण्याएवढे, पानातला रस पिणारे, बोट जवळ नेलं की टुणकन उडणारे कीटक. माझं माहेर बेल्ह्याचं. आमच्या गावात लोक बाजारात बैल पारखतात आणि आमची ताई किडे पारखते, असं भाऊ अजून चारचौघांत सांगतो. काही वर्षांपूर्वी आहुप्याच्या देवराईत अंजनीच्या झुडपावर मला एक तपकिरी तुडतुडा मिळाला, कपाळावर पिवळा पट्टा असलेला. असा तोवर कुठल्याच पुस्तकात नव्हता. ठकूआजीचं घर राईच्या अगदी कडेला, आणि राईतल्या देवापुढचं झाडणं तिच्याकडे. सासू गेल्यापासून रोज सकाळी खराटा घेऊन ती आत जायची. मी कापडी जाळी फिरवत होते, ती मागे उभी राहून बघत होती. तिची नजर माझ्याहून तयार. हा उडायच्या आधी खेकड्यासारखा आडवा चालतो, हे तिनेच मला दाखवलं. निघताना माझ्या हातातली काचेची नळी बघून तिने विचारलं, हे कुठे नेतेस? शिकायला, मी म्हटलं.

"ने. पर परत आणून सोड, बाय. राईतली वाळकी काटकी बी आमी घरी नेत नाय."

मी हो म्हणाले. नळीच्या तळाशी औषधाचा बोळा होता, आतले किडे तेव्हाच मेलेले होते, आणि तरी मी हो म्हणाले.

तुडतुड्याची जात नवी आहे हे सिद्ध करायचं तर नर लागतो. त्याच्या पोटाचं टोक कापून भिंगाखाली बघावं लागतं, बाहेरच्या रंगावर भागत नाही. माझ्याकडे नर एकच होता. लेख तपासणाऱ्यांनी कळवलं की एकावर जमणार नाही, आणखी हवेत. म्हणजे पुन्हा आहुपे, आणि आजी विचारणार. खरं सांगितलं असतं तर तिने मला राईत पाऊल टाकू दिलं नसतं, निदान मला तेव्हा तसं वाटलं. म्हणून जाताना डिंभ्याच्या पुढे रस्त्याकडेच्या भातात मी जाळी मारली आणि मिळाले ते हिरवे तुडतुडे जिवंत नळीत भरले. आजीला हाताला धरून राईत नेलं आणि तिच्यासमोर ते अंजनीवर सोडले. घे आजी, तुझे तुला परत आणले, असं म्हणून वर हसलेसुद्धा.

जिचा जन्म भाताच्या खाचरात वाकून गेला, तिला मी भातावरचे तुडतुडे दाखवत होते. ती खाली वाकली, बराच वेळ पानांकडे बघत राहिली.

"बाय, ह्ये भातावरचं हायेत. हितं काय खात्याल?"

रागाने नाही, हळूच म्हणाली. मला स्वच्छ ऐकू आलं. मी पिशवीत काहीतरी शोधायला लागले... तिने पुन्हा विचारलं नाही. घरी येऊन चहा ठेवला. त्याच दुपारी मी राईतून आणखी नर पकडले आणि आणले.

लेख छापून आला. तुडतुड्याच्या नावात आहुप्याचं नाव घातलं म्हणून सगळ्यांना कौतुक. पेपरात फोटो, कॉलेजात सत्कार. ते नमुने आता लांबच्या एका संग्रहालयात आहेत, कागदाच्या त्रिकोणी तुकड्याच्या टोकाला चिकटवलेले, खाली चिठ्ठीवर माझं नाव. तिथून ते कधीच बाहेर यायचे नाहीत. सत्काराच्या भाषणात मी आजीबद्दलही बोलले, राई जपणारी निरक्षर माउली वगैरे. टाळ्या पडल्या. त्या टाळ्या आठवल्या की आजही कानशिलं तापतात.

गेल्या आठवड्यात आहुप्याला गेले. मंदाने मला राईच्या कडेला नेलं. तिथे एक सपाट दगड आहे. मंदा म्हणाली, आत्या शेवटची काही वर्षं इथेच बसायची, आत जातच नव्हती, झाडायला मला पाठवायची. लेखानंतरही मी आहुप्याला जात होते, तेव्हा तिला त्या दगडावर बसलेलं दर वेळी पाहिलं होतं. गुडघे दुखत असतील असं समजून एकदा तेलाची बाटलीही नेऊन दिली होती. का जात नव्हती, असं मी विचारलं, आणि विचारता विचारताच मला उत्तर समजलं. मग मी मंदाला सगळं सांगितलं. राईतले किडे मी मारले होते, सोडलेले दुसरेच होते.

मंदाला नवल वाटलं नाही.

"आत्याला ठावं व्हतं. माज्या हातनं राईतलं भाईर गेलं, म्हनायची. बाय तोंडानं सांगंल, मंग देवाला सांगीन आन आत जाईन. तुमी येनार म्हनलं का धुतलेलं लुगडं नेसून हितं येऊन बसायची."

त्या मधल्या वर्षांत मी चार वेळा गेले. चारही वेळा ती धुतलेलं लुगडं नेसून त्या दगडावर बसलेली होती. चारही वेळा मी तिच्या हातचा चहा प्यायले, पुढच्या वर्षी येते म्हणाले, आणि परत आले.