हात लावू नका

आमचे हे नदीच्या पुराचा अंदाज देणारा प्रोग्राम सांभाळतात. फोर्ट्रान नावाच्या जुन्या संगणकीय भाषेतला. त्यात तोच हिशेब पूर्णांकांसाठी वेगळा आणि दशांशांसाठी वेगळा लिहावा लागतो, म्हणून ह्यांनी एकच साचा लिहिला. प्रीप्रोसेसर नावाचा छोटा प्रोग्राम त्यातून हव्या तेवढ्या फाइली पाडतो आणि रोज पहाटे सगळं नव्यानं जुळवणारा बिल्ड आपोआप चालतो. हे सगळं जेवताना इतक्यांदा ऐकलंय की मी झोपेतही सांगेन.

माझी धाकटी बहीण ह्यांच्याच हाताखाली. मेहुणी म्हणून सवलत कसली, उलट दोन शब्द जास्तच.

एकदा अंदाजात पाण्याची पातळी उणे यायला लागली. ह्यांनी चूक शोधून दुरुस्त केली. सकाळी चूक परत हजर. पुन्हा दुरुस्ती, पुन्हा तेच. त्या फाइलींपर्यंत पोचणारं दुसरं कोण? धाकटी. भर मीटिंगमध्ये ह्यांनी तिला झापलं, "माझं काम पुसतेस?" ती सांगायला उठली, तर म्हणाले, "बस खाली!" तिनं दुसऱ्या विभागात बदली मागून घेतली आणि आमच्याकडे येणं सोडलं. मीही म्हटलं, एका हातानं टाळी वाजत नाही.

ती गेल्यावरही दुरुस्ती पुसली गेली. तेव्हा कुठे ह्यांनी ती फाइल पहिल्या ओळीपासून वाचली. एरवी थेट मधेच उडी. वर लिहिलं होतं, 'ही फाइल आपोआप तयार होते. हात लावू नका. बदल साच्यात करा.' ओळ ह्यांचीच! लोकां सांगे ब्रह्मज्ञान. साचा तसाच ठेवून हे पाडलेल्या फाइलीत डागडुजी करत होते, आणि पहाटे बिल्ड नवी फाइल पाडून ती पुसत होता. उतरलेल्या चेहऱ्यानं घरी आले. आम्ही दोघं तिच्याकडे गेलो.

"चूक माझी होती," हे दारातच म्हणाले, खाली बघत.

"मला तेव्हाच कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"उठले होते की बोलायला."

धाकटी माझ्याकडे वळली. "ताई, तू तरी विचारायचंस." लाजेनं मला तिच्याकडे बघवेना.

पुढच्या मीटिंगला ह्यांनी तिला मुद्दाम बोलावून घेतलं, सगळ्यांसमोर सगळं सांगितलं, आणि बोलून झालं तरी बसलेच नाहीत. शेवटी धाकटीच म्हणाली, "भावजी, बसा आता."

घरी येऊन मला म्हणाले, "तिनं चारचौघांत झापलं असतं ना, तर बरं झालं असतं."