हात वर केला की चेंडू त्याचा

"येऊ दे की, घर आपलंच हाय," असं तो उंच उडालेल्या चेंडूला सांगायचा. तळवे धोतराला पुसायचे, मान वर करायची आणि पाहुण्याची वाट बघावी तसा उभा राहायचा. पाहुणा यायचाच.

सोलापूर गिरण्यांच्या भोंग्यावर उठायचं आणि भोंग्यावर जेवायचं, त्या काळातली ही गोष्ट. आम्ही दोघे एकाच गिरणीत शेजारशेजारचे माग चालवायचो आणि रविवारी गिरणीच्या क्रिकेट संघातून खेळायचो. मी यष्टिरक्षक, म्हणजे चेंडू माझ्याकडे आपणहून यायचा. हा लांब सीमेजवळ. सोलापुरात त्याच्याइतके झेल कुणीच घेतले नव्हते. नेमके किती, हे भवानी पेठेतल्या प्रत्येक पानवाल्याला ठाऊक होतं आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा होता. त्याला विचारलं तर म्हणायचा, "सुटलेलं मोजा, लवकर संपंल."

एकदा लग्नाच्या पंगतीत वाढप्याच्या हातून तुपाचं भांडं निसटलं. याने बसल्या जागेवरून ते वरच्यावर झेललं. तूप सगळं माझ्या नव्या सदऱ्यावर. "भांडं वाचलं की," म्हणाला आणि जेवू लागला. आठवलं की मला अजून हसू येतं आणि थोडा रागही येतो.

मागांच्या खडखडाटात वर्षं काढलेल्या माणसाचे कान जातातच, याचे आमच्या आधी गेले. विणकाम खात्यात आम्ही सगळेच हातवाऱ्यांनी बोलायचो, त्यामुळे तिथे त्याचं काही अडत नव्हतं. मैदानावर अडलं. आमचा कप्तान गिरणीच्या हापिसातला कारकून, त्याला हाका मारायची सवय. एका सामन्यात तो उंच चेंडूखाली "माझा, माझा" ओरडत धावत आला. याला ऐकू गेलं नाही आणि दोघे आदळले. कप्तानाचा दात पडला. झेल मात्र याच्या हातात होता.

बहिरा माणूस संघात नको, असं कप्तानाने दुसऱ्या दिवशी सांगून टाकलं. रविवार गेला तर या माणसाच्या आठवड्यात काही उरत नव्हतं. तो मात्र जरासुद्धा डगमगला नाही.

"खात्यात हातानं बोलतो, तसं तितंबी बोलू," तो म्हणाला. "मी हात वर केला, की चेंडू माझा. बाकीच्यांनी जागचं हलायचं न्हाय. एक जरी सुटला, तर मी आपणहून जातो."

आम्ही विणकरांनी माना डोलावल्या. कप्तानाला ऐकावं लागलं.

पुढे कित्येक हंगाम तो हात वर जायचा आणि आम्ही सगळे निवांत उभे राहायचो. कप्तान तर हळूहळू त्याचा सगळ्यात मोठा भक्त झाला. पाहुण्या संघाला आधीच सांगायचा, त्या बाजूला मारू नका, उगाच बाद व्हाल.

मग एका रविवारी हात वर गेला, आम्ही थांबलो आणि चेंडू त्याच्या बोटांना लागून खाली पडला. कप्तान धावत त्याच्यापाशी गेला. डोळ्यांवर ऊन होतं, हा सुटलेला झेल मोजायचा नाही, असं त्याने हातवारे करून परोपरीने सांगितलं.

"ऊन रोजचंच हाय," तो म्हणाला. "सुटला त्यो सुटला."

तेवढा सामना त्याने पुरा खेळला. निघताना प्रत्येकाच्या पाठीवर थाप मारली आणि ताठ मानेने घरी गेला.

पुढच्या रविवारी पहिल्याच षटकात चेंडू त्या बाजूला उंच उडाला. जवळ तिघे होते, त्यांत कप्तानही होता. धावलं कुणीच नाही. तिघेही हात वर होण्याची वाट बघत राहिले आणि चेंडू मोकळ्या मातीत पडला.