नवसाचं ताट

आमच्या हिनं मरेपर्यंत एक रीत चुकवली नाही. शेजारून काही आलं तर ते भांडं रिकामं परत जायचं नाही. चिमूटभर साखर, गुळाचा खडा, काहीच नसलं तर दारच्या कढीपत्त्याची एक काडी, पण त्यात काहीतरी पडायचंच. मी म्हणायचो, ‘वाटी स्वच्छ घासून दिली म्हणजे झालं. साखर नाही घातली तर काय आभाळ कोसळणार आहे?’ ती म्हणायची, ‘तुमी तुमचं गणित बघा.’

गणित मी चौतीस वर्षं शिकवलं, जिल्हा परिषदेच्या शाळेत. देव काही मला त्या चौतीस वर्षांत भेटला नाही आणि भेटावा असं वाटलंही नाही. शिरड शहापुरातून औंढ्याला जायला कितीसा वेळ लागतो? श्रावणातल्या सोमवारी आमची अख्खी गल्ली नागनाथाला जायची आणि मी ओट्यावर पेपर वाचत बसायचो, मुद्दाम, सगळ्यांना दिसावं असा. ही दारात आलेल्याला कधी विन्मुख धाडायची नाही. मी टोचायचो, ‘ही तुझी देवाला लाच आहे. पुण्य नको असतं तर दिली असतीस का भाकरी?’ यावर ती एकदाच नीट बोलली. म्हणाली, ‘भुकेल्या माणसाला तुमचा हेतू दिसतो का? त्याला भाकर दिसती.’ मी हसलो होतो. माझ्या मते ते उत्तरच नव्हतं.

ती गेली त्याला आता चार वर्षं होतील. मुलगा पुण्यात. दर रविवारी न चुकता फोन करतो, गोळ्या घेतल्या का विचारतो आणि सुनेकडे देतो; सूनही गोळ्या घेतल्या का विचारते. बाकी सहा दिवस मी आणि कुकर. मुगाची खिचडी सकाळी लावायची, तीच संध्याकाळी गरम करायची. कधी कधी दुपारी कुणी दार वाजवलं आणि मी ‘कोण?’ म्हणालो, की आवाज घोगरा यायचा. तेव्हा लक्षात यायचं, आज सकाळपासून आपण तोंडातून शब्दच काढलेला नाही. हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगणार कुणाला?

आमच्या भिंतीला भिंत लागून एक शेतकरी कुटुंब राहतं. म्हातारी, तिचा मुलगा, सून आणि सात वर्षांची नात. म्हातारीचा नवरा माझ्या बरोबरीचा होता, म्हणून मी तिला वहिनी म्हणतो. गेल्या पावसाळ्यात त्या नातीचा ताप उतरेना. हिंगोली झालं, नांदेड झालं, बारा दिवस लेकरू दवाखान्यात. शेवटी बरं होऊन घरी आलं. त्यानंतरच्या पहिल्या सोमवारी, दिवेलागणीला, ती सून झाकलेलं ताट घेऊन माझ्या दारात उभी.

‘गुरुजी, न्हाई म्हणू नका,’ ती म्हणाली. ‘पोरगी दवाखान्यात असताना मी नागनाथाला बोलले होते. ज्याच्या घरी चुलीजवळ बाईमाणूस न्हाई, अशाला अकरा सोमवार जेवू घालीन आन् मंग माझा उपास सोडीन.’

मी काय गप्प बसणार? जित्याची खोड. म्हणालो, ‘पोरगी सलाईननं बरी झाली. नागनाथ आला होता का सुई टोचायला?’

‘सुई टोचणाऱ्याचा हात बराबर चालावा म्हणून तर बोलले,’ ती म्हणाली आणि ताट आत आणून ठेवलं.

मी उपकार केल्यासारखं घेतलं. ज्वारीची भाकरी, वरण, भात, बिनकांद्याची वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि कोपऱ्यात गव्हाची खीर. किती दिवसांनी भाकरीला वाफ बघितली मी. ती उंबऱ्यापाशी उभी राहून बोलत होती, पोरगी आता शाळेत जायला रडत नाही, असलं काहीतरी. दहा मिनिटं असतील. जाताना म्हणाली, ‘गरम हाय तोवर जेवून घ्या.’

मग दर सोमवारी तसंच. मी सोमवारी दाढी करायला लागलो. आधी ती कधीही व्हायची, नाही तर राहायची. इस्त्रीचा सदरा घालायचो. पाच वाजल्यापासून दार उघडं ठेवायचो आणि ती आली की पेपरात डोकं घालून बसायचो, जणू काही माझं तिकडे लक्षच नव्हतं. ती उंबऱ्याशी उभी राहून सांगायची: म्हशीनं लाथ मारली, हळदीवर करपा पडला, पोरीला नऊचा पाढा येईना. पाढ्याची युक्ती मी सांगितली तर पुढच्या सोमवारी पोरीलाच घेऊन आली आणि पोरीनं घडाघडा म्हणून दाखवला. मंगळवारी सकाळी मी ताट घासून, पुसून, भिंतीवरून परत द्यायचो. रिकामं. घरात साखर होती, गूळ होता. पण तत्त्व म्हणजे तत्त्व.

आणि याच काळात मला एक सल लागली. मी ते ताट जेवायचो आणि वाटायचं, हे माझ्यासाठी नाहीच. हे नागनाथासाठी आहे. मी मधली टपालपेटी. माझ्या जागी दुसरा कुणी विधुर या गल्लीत असता, तर ताट त्याच्याकडे गेलं असतं. मला ती खीर आवडते की नाही, हे देवाला काय पडलंय? आता प्रामाणिकपणे सांगतो, मला राग देवाचा नव्हता. मला ते ताट माझ्या नावानं हवं होतं.

वास्तविक मला हे म्हणायचा काय अधिकार? मी वर्गात सांगायचो, चांगलं काम करताना स्वर्गाचा लोभ नको. मी स्वतः शिष्यवृत्तीच्या पोरांना वर्षानुवर्षं फुकट शिकवलं. त्यातला एक जण पुढे मोठा साहेब झाला आणि वारंगा फाट्यावर मला बघूनही गाडीतून उतरला नाही, तर ते मी आजतागायत विसरलो नाही. म्हणजे स्वर्ग नको होता, पण नमस्कार हवा होता. त्यापेक्षा नागनाथाकडे बघून करणारे बरे, ते निदान माझ्या मानेकडे बघत नाहीत, वाकते की नाही म्हणून. पण हे सगळं शहाणपण नंतरचं.

फाल्गुनात एकदा कॅलेंडर बघत होतो. श्रावणापासून सोमवार मोजले. बघतो तर काय, अकरा सोमवार दिवाळीच्या आसपासच संपलेले. त्या दिवशीचा सोमवार एकतिसावा होता. मला हसू फुटलं. सून मोजायचंच विसरली, म्हटलं. भक्तीत माणसाला अकरापर्यंत आकडेही येईनासे होतात, बघा.

त्याच दुपारी मी दुकानातून येत होतो. शेजारच्या अंगणात वाळवलेली हळद निवडायला गल्लीतल्या पाच-सहा बाया बसलेल्या, मध्ये वहिनी, कडेला सून. सून म्हणाली, ‘गुरुजी, आज सोमवार हाय. येते संध्याकाळी.’

मी थांबलो. साऱ्या बायांना ऐकू जाईल अशा मास्तरच्या आवाजात बोललो, ‘आता कशाला येतेस? तुझा नवस कवाच फिटला. अकरा बोलली होतीस, आजचा एकतिसावा सोमवार. तुझ्या नागनाथाला मोजता येत नसेल, मला येतं.’

एक बाई तोंडाला पदर लावून हसली. दुसरीनं पहिलीकडे बघितलं. सुनेनं मान खाली घातली आणि वहिनीचे हात सुपावर थांबले. मी घरात आलो. खरं सांगतो, मला मजा वाटत होती. बिनतोड गणित मांडलं होतं मी.

त्या संध्याकाळी ताट आलं नाही. वाटलं, लाजली असेल. पुढच्या सोमवारी मी दाढी केली, सदरा घातला, पाचला दार उघडलं. साडेसातला ते लावलं आणि सकाळची खिचडी गरम केली. त्याच्या पुढच्या सोमवारीही तेच. भिंतीपलीकडे तिचा आवाज यायचा, पोरीवर ओरडताना, म्हशीला हाकताना. मी भिंतीशी गेलो तर तो आवाज आत जायचा. मी मनाला सांगितलं, बघ, तू म्हणत होतास तेच खरं निघालं. नवस संपला, ताट संपलं. आपलं म्हणणं खरं ठरलं की माणसाला बरं वाटतं म्हणतात. मला त्या तीन आठवड्यांत एकदाही बरं वाटलं नाही.

चौथ्या आठवड्यात राहवलं नाही. वहिनी ओट्यावर एकटी वाती वळत होती. मी हळदीच्या भावाचं विचारलं, उन्हाचं विचारलं. ती हूं हूं करत राहिली. शेवटी म्हणालो, ‘वहिनी, सूनबाई रागावली का माझ्यावर?’

‘तिला कायला राग,’ वहिनी म्हणाली. ‘मीच नगं म्हणलं तिला.’

‘काहून?’

तिनं वात खाली ठेवली. ‘गुरुजी, तुमाला वाटतं आमाला मोजता येत न्हाई? अकरावा सोमवार झाला, तवाच सून मला म्हणली, आई, आता गुरुजींचं कसं? ते पुन्यांदा खिचडीच खातील. मी म्हणलं, जाय तू. नवस हाय म्हणून जाय. कोण मोजून राहिलं?’

मी ओट्याच्या कडेला टेकलो.

‘तरणी बाई हाय ती,’ वहिनी पुढे म्हणाली. ‘एकट्या गड्याच्या दारात दर आठवड्याला ताट घिऊन उभी ऱ्हाती. नवस हाय तवर गल्लीच्या तोंडाला कुलूप. देवाचं नाव घेतलं की कुणी काही इचारत न्हाई. त्या दिवशी तुमी सगळ्या बायांपुढं ते कुलूप काढलं. दुसऱ्या दिवशी आडावर एक जणी पोराला, म्हंजे तिच्या नवऱ्याला म्हणलीच, नवस कवाच फिटला म्हणं तुमचा? आता कसं धाडू मी तिला, सांगा.’

मी घरी आलो आणि हिशेब पुन्हा मांडला. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं आणि सगळी गल्ली गप्प होती. एकट्या मला ठाऊक नव्हतं आणि बोललो मीच. पहिली अकरा ताटं देवाची होती, असं धरू. पुढची एकोणीस? ती माझी होती, माझ्या नावाची, आणि मी ती देवाची समजून कुढत खाल्ली. जे मला हवं होतं ते दिवाळीपासून दर सोमवारी माझ्यापुढे येत होतं. मी ते घासून रिकामं परत करत होतो.

हिची आठवण त्या दिवशी फार आली. ती असती तर म्हणाली असती, ‘झालं समाधान?’ एवढंच. आणि मग स्वतः जाऊन सगळं निस्तरून आली असती. आता निस्तरायला मीच होतो.

पुढच्या सोमवारी दुपारीच शिरा करायला घेतला. आयुष्यात पहिल्यांदा. पहिला करपला, तो गाईला घातला. दुसऱ्यात गुठळ्या झाल्या, पण गोड होता. हिचं पितळेचं ताट काढलं, चिंचेनं घासलं, शिरा वाढला, वर फडकं झाकलं आणि दिवेलागणीला, बाया ओट्यावर बसायच्या वेळी, शेजारच्या दारात जाऊन उभा राहिलो. पंधरा पावलांचं अंतर, पण सगळ्यांच्या नजरा माझ्यावर होत्या.

वहिनी बाहेर आली. तिनं ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग मोठ्यानं, साऱ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, ‘कशाचं हो गुरुजी?’

तोंडाशी आलं होतं, सहज आणलं. पण सहज आणलेल्या ताटाला आमच्या गल्लीत दार नाही, हे आता मला कळलं होतं. म्हणालो, ‘सोमवारचं. मी नवस बोललोय नागनाथाला.’

मग कुणीतरी म्हणालं, ‘अगं बाई, गुरुजींनी नवस केला?’ मागून हसू आलं. चौतीस वर्षं ज्यांच्यापुढे मी ताठ मानेनं पेपर वाचला, त्यांच्यापुढे मान खाली घालून उभा होतो.

वहिनी हसली नाही. तिनं ताट दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं. ‘किती सोमवार बोलले?’

‘आकडा बोलायचा राहिला,’ मी म्हणालो.

तिनं आत हाक दिली, पुन्हा तशीच मोठ्यानं, ‘सूनबाई, गुरुजींचं ताट रिकामं करून दे. आन् रिकामं देऊ नको. देवाचं ताट हाय, रिकामं जात नसतं. भाकर घाल त्यात, भाजी घाल.’

ताट वहिनीनंच बाहेर आणून दिलं. सून दारात आली नाही. फक्त आतून आवाज आला, ‘गरम हाय तोवर जेवून घ्या म्हणा.’

आता दर सोमवारी माझं ताट जातं आणि भरून येतं. उंबऱ्यावरची ती दहा मिनिटं काही परत आली नाहीत. ती मीच घालवली. पोरगी मात्र कधी कधी ताटामागे येते, पाढा म्हणते आणि पळते. देवाचं म्हणाल तर तो मला अजून भेटलेला नाही. त्याच्या नावानं खोटं बोलतो याचं वाईटही वाटत नाही. गल्लीतल्या बाया विचारतात, किती राहिले सोमवार? मी म्हणतो, बरेच आहेत. नवस कशासाठी बोललो, हे मात्र अजून एकीनंही विचारलेलं नाही. विचारलं तर काय सांगायचं ते ठरवून ठेवलंय. आठवड्यातून एकदा तरी, भिंतीपलीकडून का होईना, कुणीतरी मला जेवून घ्या म्हणावं, म्हणून.